दोन बोटं माया

लिंबू वाचलं आणि बंदूक मोडली.

वास्तविक या दोघांची आपसात काही चुरस नव्हती. पण दसरा होता, आणि जयदीपच्या आई वासंतीबाई कोल्हापूरहून आयर्लंडमधल्या कासलबारला आल्या होत्या. त्यांच्या मते दसऱ्याला गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय ते वर्ष सुरूच होत नाही. नुसतं कॅलेंडर पुढे जातं.

शस्त्रपूजेची मांडामांड त्यांनी घरामागच्या फरशीवर केली होती. ओळीच्या डोक्याला गाडी. तिच्यामागे भाजी चिरायच्या फळीवर जयदीपचा लॅपटॉप, गवत कापायचं यंत्र, प्रेशर कुकर आणि रेवतीचा स्टेथोस्कोप. रेवती म्हणजे जयदीपची बायको. कासलबारच्या इस्पितळात हाडांची डॉक्टर. हे सगळं ओळीत मांडून झाल्यावर वासंतीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि नाराज झाल्या.

"ह्यात शस्त्र कुठलं रे जया? कुकरनं काय कुणाला मारणार हाय काय तू?"

"आई, इथे शस्त्र कुठून आणू?"

"शेजारी हाय की! नोराबाई रोज खांद्याला बंदूक लावून कुंपणाकडनं जाते, मी बघतो ना. खरं शस्त्र शेजारी असताना लॅपटॉपला हळदीकुंकू लावायचं म्हणजे लाज आणलास."

(वासंतीबाई अस्सल कोल्हापूरच्या असल्यामुळे "मी बघतो, मी जातो" म्हणत. आयर्लंडमधल्याच ओंगारच्या एका मराठी पोराने त्यांना त्यावरून त्यांचे प्रोनाऊन्स विचारले होते. त्यांनी त्याला भाकरी खायला बोलावलं होतं.)

नोरा पलीकडच्या शेतावर एकटी राहायची. सत्तरी ओलांडलेली, मेंढ्या राखणारी, वाऱ्यालाही अडवेल अशी ताठ. वासंतीबाई आल्यापासून ती रोज दुपारी चहाला यायची, आणि दोघी तासभर बोलायच्या: एक इंग्रजीत, एक मराठीत, दोघीही सून-पुतण्यांबद्दल. बंदुकीची पूजा आहे म्हटल्यावर तिने जराही आश्चर्य दाखवलं नाही. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे काडतूस पुढेमागे सरकवणारा लोखंडी दांडा, काढून खिशात टाकला, बंदूक स्वतः घेऊन आली आणि फळीवर आडवी ठेवून म्हणाली, "तिला कधी कुणी फूल दिलेलं नाही. मलाही नाही."

हळदकुंकू झालं, झेंडू झाला. मग जयदीप गाडीत बसला. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. आता भिंतीकडे तोंड असलेली गाडी लिंबावरून न्यायची तर ती मागेच न्यावी लागते, आणि मागे काय मांडलं आहे हे नेमका एकच माणूस विसरला होता. तो गाडीत होता.

लिंबू चाकाच्या कडेने सटकून गवतात गेलं. मग कड्डकन आवाज आला. रेवतीने गुडघे टेकून पाहिलं आणि सवयीने म्हणाली, "मल्टिपल फ्रॅक्चर आहे."

फळीवर होतं ते सगळं, बंदुकीची नळी आणि लोखंडही, शाबूत राहिलं होतं, पण लाकडाचा मागचा अर्धा, जो खांद्याला टेकवतात, तो फळीबाहेर होता. त्याचे तुकडे झाले होते. या लाकडाला मराठीत दस्ता म्हणतात हे जयदीपला त्याच दिवशी कळलं. तोपर्यंत दस्ता म्हणजे त्याच्या लेखी चोवीस कागद होते.

"नोरा, आय ॲम सो सॉरी," तो म्हणाला.

"इट्स ग्रँड," नोरा म्हणाली.

आता ग्रँड या शब्दाने परक्या माणसाची फार दिशाभूल होते. आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे ठीक. लांब ओढलेलं 'ग्राऽऽण्ड' म्हणजे खरंच ठीक. आणि तोडून, खाली बघत म्हटलेलं 'ग्रँड' म्हणजे आता यावर आयुष्यात पुन्हा बोलायचं नाही. नोराने तोडून म्हटलं. लोखंड सुटं करून ती घरी घेऊन गेली, कुलपात ठेवलं, आणि लाकूड शेकोटीत टाका म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती चहाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुंपणावरून हात मात्र करायची, छान हसून. ते हसणं जयदीपला फार लागायचं.

कारण कळलं ते नोराच्या पुतण्याकडून. डेक्लन कासलबारमध्ये घरं विकायचा. माणूस वाईट नव्हता, काळजी करायचा. तो येऊन जयदीपचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तू आमच्या कुटुंबावर उपकार केलेस."

"मी?"

"तीन वर्षं सांगतोय तिला, आता पुरे. मेंढ्या विक, माझ्या शेजारी बंगलीत राहायला ये. ऐकेल तर शपथ. म्हणायची, वसंतात कोकरं येतात तेव्हा कोल्ह्यांवर लक्ष कोण ठेवणार? आता बंदुकीचा परवाना या हिवाळ्यात संपतोय. मी म्हटलं, मोडलीच आहे तर कशाला नवा काढतेस? पहिल्यांदाच गप्प बसली."

जयदीप रात्रभर कुशीवर वळत राहिला. एका लिंबापायी त्याने एका बाईचं अख्खं शेत बंद पाडलं होतं. सकाळी त्याने जाहीर केलं, "मी नवा दस्ता आणणार."

"शाबास!" वासंतीबाई म्हणाल्या. "आज तिची बंदूक काढून घेतली, उद्या तू माझ्या स्कूटीची चावी मागशील."

जयदीप मान वळवून चहाचा कप विसळू लागला. कारण ती त्याने कोल्हापुरातल्या मावसभावाकडे, तनयकडे, आधीच मागितली होती. 'आई तिकडे आहे तोवर विकून टाक,' असा मेसेज होता.

"पण मोडके तुकडे कुठे गेले? मापाला लागतील," त्याने विषय बदलला.

"ते सोडलं की नदीत."

"नदीत?"

"पूजा झालेलं शस्त्र मोडलं, मग काय केराच्या डब्यात घालायचं? विसर्जन केलं. पुढचा तुकडा तेवढा ऱ्हायलाय, तो जड होता. एक मासे पकडणारा ओरडला काहीतरी. मी त्याला प्रसाद दिला."

म्हणजे बंदुकीचं लोखंड ज्यात बसतं तो पुढचा भाग शिल्लक होता, आणि मागचा भाग अटलांटिकच्या वाटेवर होता. त्यात आणखी एक भानगड. नोरा डावखुरी. त्यामुळे तिच्या बंदुकीचा बोल्ट डावीकडे, म्हणून लाकडातली खाच डावीकडे, म्हणून गालाचा उंचवटा उजवीकडे. जगातल्या शंभर दस्त्यांपैकी नव्व्याण्णव उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेले असतात, आणि उरलेला एक अमेरिकेत असतो. अमेरिकेतला माणूस विकायला तयार होता. कुरियरवाला न्यायला तयार नव्हता. "बंदुकीचा भाग आहे," तो म्हणाला. "लाकूड आहे," जयदीप म्हणाला. "मग लाकडाला रोगजंतू नसल्याचा दाखला लागेल," तो म्हणाला. "आणि बंदुकीचा भाग असेल तर?" "मग आम्ही नेत नाही. पण दाखला तरीही लागेल."

जयदीपने आयर्लंडच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मदत मागितली. त्यात मराठी माणसाने मदत मागितल्यावर जे होतं तेच झालं, म्हणजे सगळ्यांनी सल्ला दिला. संजीव म्हणाला, शाकाहारी माणसाने या फंदात पडू नये. कुणीतरी पुण्यातल्या फर्निचरवाल्याचा नंबर टाकला. ओंगारच्या पियूषने तर फोनच केला.

"सिम्पल आहे यार. उजव्या हाताचा घे आणि उलटा बसव."

"उलटा म्हणजे?"

"खालची बाजू वर."

"मग चाप आकाशाकडे येईल, पियूष."

"हां. पण पक्ष्यांना बरं ना?"

यात जयदीपच्या हातून आणखी एक चूक झाली. हा सगळा शोध त्याने कंपनीच्या लॅपटॉपवर घेतला. आठवड्याभरात त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाच्या कॉर्कमधल्या मुख्य ऑफिसातून बोलावणं आलं: प्रत्यक्ष भेट, विषय 'तुमचं स्वास्थ्य'.

तिथे ईफा नावाच्या एका अत्यंत प्रेमळ बाईने त्याला मऊ खुर्चीत बसवलं, टिशूचा डबा जवळ सरकवला आणि खालच्या आवाजात वाचून दाखवलं, "'डाव्या हाताची बंदूक तातडीने.' 'बंदूक पोलिसांना न कळता दुरुस्त करता येते का.' 'म्हातारी शेजारीण नाराज उपाय.' जयदीप, हाऊ आर थिंग्ज ॲट होम?"

जयदीपने सगळं सांगितलं. लिंबू, दसरा, विसर्जन. सांगताना त्याच्या लक्षात येत होतं की ही हकिकत खरी असल्यामुळे तिचा काही उपयोग होत नाहीये. ईफा मात्र शेवटी खरोखरच डोळे पुसत होती. "बिचारी नोरा," ती म्हणाली. मग दार लावून घेऊन कुजबुजली, "माझे बाबा शिकारीला जायचे. इथे नदीपलीकडे युअर मॅनचं बंदुकांचं दुकान आहे. त्याच्याकडे असेल."

युअर मॅन म्हणजे तुमचा माणूस नव्हे. युअर मॅन म्हणजे कुणीही. आयर्लंडमधली निम्मी कामं या युअर मॅनमुळे होतात आणि उरलेली निम्मी त्याच्यामुळेच अडतात. हा युअर मॅन निवृत्त होऊन स्पेनला गेला होता आणि दुकानात आता योगाच्या सतरंज्या मिळत होत्या. दुकानातल्या मुलीने आधी जयदीपकडे, मग सतरंज्यांकडे पाहिलं, आणि तो तक्रार करायला आला असावा असं समजून घाबरली. दस्त्याचं ऐकल्यावर मात्र सुटल्यासारखी म्हणाली, "दुकान आजोबांचं होतं तेव्हा ते हे काम हर्ली बनवणाऱ्या मॅटीकडे पाठवायचे. पण तो फार लांब राहतो. तिकडे मेयो परगण्यात, कासलबारच्या बाहेर."

मॅटी जयदीपच्या घरामागे दोन शेतं सोडून राहत होता. जयदीप अख्खा आयर्लंड उभा ओलांडून त्याचा पत्ता काढून आला होता.

हर्ली म्हणजे हॉकीच्या काठीची तापट बहीण. आयर्लंडच्या काही भागांत पोरं चालायच्या आधी ती फिरवायला शिकतात. मॅटीची शेड हर्ल्यांनी भरलेली होती आणि मॅटी बोलण्याने भरलेला होता. बंदुकीचा दस्ता केलाय का कधी, असं विचारल्यावर तो म्हणाला, "एक केला होता. वाईट झाला. पण त्या माणसाची नजरच वाईट होती, म्हणून त्याला कळलं नाही." मग कोपऱ्यातली ताडपत्री त्याने ओढली. खाली अक्रोडाची एक जाडजूड, काळीभोर फळी होती.

"हे विकायचं आहे?" जयदीपने विचारलं.

"छे. ही माझी शवपेटी आहे."

जयदीपने हात मागे घेतला.

"पंधरा वर्षं सुकवतोय. उत्तम सुकलीये, मीच अजून सुकायचा राहिलोय," मॅटी म्हणाला. "नोरासाठी म्हणालास ना? मग कापतो त्यातनं. मी गुडघे वाकवून झोपेन. तसाही उताणं झोपलं की घोरतो." आणि पेन्सिल कानामागून काढत म्हणाला, "पुढचा भाग तुझ्या या तुकड्यावरून उतरवतो. पण लांबीचं काय? ती तर नदीत गेली. मला तिच्या डाव्या हाताचं माप हवं. कोपर दुमडायचं, कोपराच्या आतल्या घडीपासून चापाच्या बोटापर्यंत. आणि खांदा ते गाल. ते आण, मग बोल."

माप आणायचं कसं? नोराला विचारलं असतं तर ती 'ग्रँड, राहू दे' म्हणाली असती, तोडून. जयदीपने दोन दिवस अनेक योजना आखल्या. त्यातल्या एकीत तो कुंपणापलीकडून फोटो काढणार होता, ती रेवतीने ऐकताच रद्द केली, "आता फक्त तेवढंच राहिलंय तुझ्या फाइलीत."

शेवटी वासंतीबाई उठल्या, गळ्यात शिंप्याची टेप टाकली. "मी जातो. ब्लाऊज शिवतो म्हणून सांगतो."

"आई, ती ब्लाऊज घालत नाही."

"म्हणून तर शिवायचा."

जयदीप दुभाषा म्हणून मागोमाग गेला आणि स्वयंपाकघराच्या दारातच अडकून राहिला, कारण आत त्याची गरज नव्हती. वासंतीबाईंनी खुणेने ब्लाऊज दाखवला. नोराने खुणेने विचारलं, मला? वासंतीबाई म्हणाल्या, "तर काय, भिंतीला?" आणि तिचा उजवा हात धरला. नोराने तो सोडवून डावा पुढे केला.

"किटोग," ती म्हणाली, स्वतःकडे बोट दाखवत. मग जयदीपकडे वळून, "आयरिशमध्ये डावखुऱ्याला म्हणतात. त्यात जरा 'वेंधळी' असंही येतं." तिने टेबलावरची लाकडी पळी उचलली, आपल्याच डाव्या हाताच्या उलट्या बाजूवर हलकेच मारली, एकदा, दोनदा, आणि वर शाळेतल्या नन्ससारखं तोंड केलं. "लिहायला उजवा. जेवायला उजवा. देवाला उजवा. बाबांनी ती बंदूक इंग्लंडहून मुद्दाम मागवली तेव्हा मी वीस वर्षांची होते. माझ्या हातासाठी केलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली वस्तू होती." थोडं थांबून म्हणाली, "तशी शेवटचीही."

जयदीपने भाषांतर करायला तोंड उघडलं. वासंतीबाईंनी त्याच्याकडे न बघताच हाताने गप्प केलं. त्यांना पळीवरनं कळलं होतं. त्यांनी तो डावा हात आपल्या हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला, मग कोपर दुमडून टेप लावली. माप घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ लागला. नोरानेही हात काढून घेतला नाही.

घरी येताना कुंपणाशी थांबून जयदीपने तनयला मेसेज केला: 'स्कूटी विकू नकोस. सर्व्हिसिंग करून ठेव.' आईला त्याने काही सांगितलं नाही. वासंतीबाई पुढे चालत स्वतःशीच आकडे पुटपुटत होत्या.

मॅटीने वेळ घेतला. आधी पाऊस म्हणून, मग पाऊस नाही म्हणून. पण नाताळ उलटल्यावर एका सकाळी तो दस्ता पोत्यात गुंडाळून आला, आणि सगळी वरात नोराच्या स्वयंपाकघरात गेली: मॅटी, जयदीप, रेवती, वासंतीबाई. नेमका डेक्लनही तिथे बंगलीचे फोटो दाखवत बसला होता.

पोतं सोडल्यावर सगळे वाकून बघायला लागले. अक्रोडाच्या अंगातून धुरासारख्या रेघा गेल्या होत्या. नोराने नुसता हात फिरवला, डावा. मग कुलपातून लोखंड आणलं. मॅटीने ते बसवलं, किंचित घासून, फुंकर मारून, मळसूत्रं आवळून. बसलं. जयदीपला एकदम हलकं वाटलं, दसऱ्यापासून प्रथमच.

नोराने रिकामी बंदूक उचलून खिडकीबाहेर धरली, खांद्याला लावली, गाल टेकवला. आणि बोट चापापर्यंत पोचेना. तिने मान लांब केली, खांदा पुढे काढला. तरी पोचेना.

 मॅटी म्हणाला, "दिलेल्या मापाने केलंय मी." डेक्लन हळूच, प्रेमाने म्हणाला, "नोरा, ही खूणच समज." नोराने बंदूक खाली घेतली. तिचा चेहरा तसा झाला, ग्रँड म्हणायच्या आधी होतो तसा.

"आई!" जयदीप जवळजवळ ओरडला. "माप बरोबर घेतलं होतंस ना?"

"बरोब्बर घेतलं की. तिच्या हाताचं माप, वर दोन बोटं माया."

"माया? बंदुकीला?"

"का? बंदुकीला नको? माणूस काय जन्मभर तेवढंच ऱ्हातंय? नंतर उसवायला आत काही नसलं की मग बसा रडत."

रेवती तोंडावर हात ठेवून खिडकीकडे वळली. मॅटीने विचारलं, "काय म्हणतेय ती?"

जयदीपच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. "कपडा शिवताना," तो म्हणाला, "आमच्याकडे शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात. बाहेरून दिसत नाही. पुढे माणूस वाढला तर सोडता यावं म्हणून. आईने ते... बंदुकीलाही ठेवलं."

"आणि त्याला काय म्हणतात?" नोराने विचारलं.

"माया."

"मेयो?"

"मेयो नव्हे. माया." आणि मग, आता एवढी शोभा झालीच आहे तर पूर्णच होऊ दे, अशा विचाराने त्याने सांगून टाकलं, "दुसरा अर्थ, एखाद्यावर जीव असणं. शब्द एकच आहे."

"एकच?"

"एकच," रेवती खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली.

नोरा वासंतीबाईंकडे बघत राहिली. वासंतीबाईंना इंग्रजीतलं काही कळलं नव्हतं. आपलं काम चुकल्याचं लोक म्हणताहेत एवढं कळलं होतं, आणि म्हणून त्या हनुवटी वर करून उभ्या होत्या.

"चिंता नको," मॅटी करवत काढत म्हणाला. "लांब झालेलं कापता येतं, आखूड झालेलं जोडता येत नाही. दोन बोटं उडवतो." त्याने दस्त्याच्या टोकाला पेन्सिलीची रेघ ओढली.

नोराने पेन्सिल त्याच्या हातातून घेतली, डाव्या हाताने, आणि त्याच्या रेघेच्या मागे, टोकाकडे, दुसरी रेघ ओढली.

"एकच बोट काप," ती म्हणाली. "दुसरं राहू दे."

"मान ताणावी लागेल तुला," डेक्लन म्हणाला.

"मग ताणेन." तिने बंगलीचे फोटो गोळा करून नीट एकावर एक रचले आणि त्याच्या हातात दिले. "सोमवारी मला पोलीस ठाण्यावर सोड. परवाना नवा करायचाय."

"पण नोरा, तुझ्या या वयात..."

"माझ्या वयाचं काय? यांनी वाढायला जागा ठेवलीये."

मॅटीने करवत लावली. वासंतीबाईंनी कुणी न सांगताच पुढे होऊन दस्त्याचं दुसरं टोक घट्ट धरलं.